हलत्या जाहिराती आणि दमलेले संगणक

२००९ची उन्हाळी सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एका शाळेच्या संगणक कक्षात जाण्याचा योग आम्हाला आला. देणगी म्हणून मिळालेले आठ पेन्टियम-४ संगणक तिथे होते. विज्ञानाच्या बाईंची तक्रार अशी, की मुलांना ग्रहांची चित्रे दाखवण्यासाठी त्या एक संकेतस्थळ उघडत आणि ते उघडताच संगणक मंद होई. माऊसचा बाण अडखळे, टंकलेले अक्षर दोन-तीन सेकंदांनी उमटे आणि आतला पंखा घोंघावू लागे. दुरुस्तीच्या माणसाने एकदा 'व्हायरस असणार' म्हणून सगळे संगणक फॉरमॅट केले, दुसऱ्यांदा 'मेमरी कमी पडते' म्हणून मेमरी वाढवून दिली. गुण आला नाही. मुख्याध्यापकांच्या मते इंटरनेटची जोडणीच संथ होती.

आम्ही एक साधा प्रयोग केला. पान पूर्ण उघडू दिले आणि मग संगणकाच्या मागची इंटरनेटची केबल काढून टाकली. दोष जोडणीचा असेल, तर माहिती येणे थांबल्यावर संगणकाला फारसे काम उरायला नको. पण पंखा तसाच घोंघावत राहिला आणि बाणही तसाच अडखळत राहिला. म्हणजे जे काही चालले होते ते संगणकाच्या आतच चालले होते. 'टास्क मॅनेजर' उघडून पाहिले, तर प्रोसेसर शंभर टक्के कामात. पान बंद करताच आकडा खाली आला.

त्या पानावर तीन हलत्या जाहिराती होत्या. फ्लॅश या तंत्राने केलेल्या अशा जाहिरातीवर माऊसचे उजवे बटण दाबले, की बहुधा एक यादी उघडे आणि तीत 'प्ले' या शब्दापुढची खूण काढली की हालचाल थांबे. आम्ही एकेक जाहिरात थांबवत गेलो. पहिली थांबवली, काही फरक नाही. दुसरी थांबवली, किंचित फरक पडला. तिसरी म्हणजे पानाच्या मजकुरावरून तरंगत जाणारा एक फुगा. तो थांबवताच पंखा शांत झाला. बाई म्हणाल्या, "सर, एवढ्याशा फुग्याने?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर 'एवढासा' हे कशात मोजायचे ते आधी ठरवावे लागते. वेबवरच्या जाहिरातींचा इतिहास पाहिला, तर जवळजवळ पंचवीस वर्षे हे माप चुकतच होते असे दिसते.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर पट्टीच्या आकाराच्या पहिल्या जाहिराती झळकल्या. त्या काळी सर्वांना एकच चिंता होती: टेलिफोनच्या तारेवरून जाहिरात यायला किती वेळ लागेल? सेकंदाला २८,८०० बिट आणणारा मोडेम तेव्हा चांगला समजला जाई. १२ किलोबाइटची पट्टी त्यावरून यायला साडेतीन सेकंद लागत. म्हणून जाहिरात घेणाऱ्यांनी नियम केले ते किलोबाइटांचे. त्या वेळी ते बरोबरच होते. (आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा विद्यार्थ्यांना जे स्वस्त खाते मिळे त्यात नुसता मजकूर दिसे, चित्रे नाहीत. जाहिरातींच्या त्रासातून ती मुले आपोआपच सुटली.)

पट्ट्या हलू लागल्या त्या जीआयएफ या चित्रप्रकारामुळे. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाने १९८७मध्ये तो तयार केला. १९८९च्या सुधारित आवृत्तीत एका फाइलीत अनेक चित्रे एकामागून एक ठेवून प्रत्येकानंतर किती थांबायचे, ते सेकंदाच्या शंभराव्या भागांत लिहिण्याची सोय झाली. मात्र ही चित्रमाला एकदा संपली की संपली. १९९५-९६मध्ये आलेल्या नेटस्केप ब्राऊझरच्या दुसऱ्या आवृत्तीने 'पुन्हा पहिल्यापासून' असे सांगणारी एक छोटी नोंद वाचायला सुरुवात केली. तीत किती वेळा ते लिहायचे. शून्य लिहिले तर त्याचा अर्थ कायम, न थांबता. जाहिरातदारांनी अर्थातच शून्य लिहिले.

थांबण्याच्या वेळेच्या जागीही पुष्कळांनी शून्यच लिहिले. संगणक मुळातच इतके सावकाश होते, की शून्य लिहूनही चित्र बऱ्यापैकी वेगाने हले, त्याहून जास्त नाही. पुढे संगणक वेगवान झाले आणि तीच पट्टी पिसाटासारखी लुकलुकू लागली, शिवाय प्रोसेसरला क्षणाची उसंत देईना. शेवटी ब्राऊझर बनवणाऱ्यांनी फाइलीतला आकडा न मानण्याचे ठरवले. फारच लहान आकडा दिसला, तर तो सेकंदाचा दहावा भाग आहे असे ते समजू लागले. ही रीत आजही टिकून आहे.

आता थोडा हिशेब करू. रूढ पट्टीचा आकार ४६८ × ६० बिंदू, म्हणजे २८,०८० बिंदू. एका बिंदूला एक बाइट धरला आणि पट्टीत २० चित्रे असली, तर उलगडल्यावर होतात ५,६१,६०० बाइट. तारेवरून आली ती फाइल १२ किलोबाइटची, आत पसरली ती सुमारे ५५० किलोबाइटची. ब्राऊझरने हा पसारा मेमरीत ठेवायचा किंवा दर वेळी नव्याने उलगडायचा. पहिल्यात मेमरी जाते, दुसऱ्यात प्रोसेसरचा वेळ.

तरीही जीआयएफचा हा भार सोसण्याजोगा होता. खरा फरक पडला तो फ्लॅशमुळे. जोनाथन गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर' १९९६मध्ये बाजारात आला. वर्ष संपता संपता मॅक्रोमीडिया कंपनीने तो घेतला आणि फ्लॅश असे नाव दिले. २००५मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीकडे गेली.

जीआयएफ आणि फ्लॅश यांतला फरक स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगता येईल. लेकीला लाडू पाठवायचे, तर डबा भरून पाठवता येतो किंवा नुसती कृती लिहून पाठवता येते. डबा जड, चिठ्ठी हलकी. टपालखर्च पाहणारा चिठ्ठीच पसंत करील. पण रवा भाजायचा, पाक करायचा, लाडू वळायचे हे सारे काम चिठ्ठी ज्या घरी पोचली तिथे करावे लागते. फ्लॅशच्या फाइलीत चित्रे नसत, तर 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा, आत हा रंग, दर चौकटीला इतकी सरकवा' अशा सूचना असत. वक्ररेषेचे प्रत्यक्ष बिंदू काढणे, कडा गुळगुळीत करणे, रंग भरणे हे गणित दर चौकटीला पाहणाऱ्याचा संगणक करी आणि अनेक वर्षे ते मुख्य प्रोसेसरवरच होई. किलोबाइटांचा नियम पाळून अतिशय जड जाहिरात करणे त्यामुळे अगदी सोपे झाले. जाहिरात करणारा तिची चाचणी आपल्या नव्याकोऱ्या यंत्रावर घेई. शाळेतला पेन्टियम त्याने पाहिलेलाच नसे.

त्यात पारदर्शकपणाची भर पडली. एरवी फ्लॅशला पानावर स्वतःची चौकोनी खिडकी मिळे आणि ती तेवढीच जागा रंगवी. परंतु जाहिरात मजकुरावरून तरंगावी असे वाटले, तर पार्श्वभूमी पारदर्शक ठेवण्याची एक सोय होती. मग दर चौकटीला जाहिरातीचा बिंदू आणि त्याखालचा पानाचा बिंदू यांचे मिश्रण करावे लागे. फुगा दिसायला मुठीएवढा असला, तरी त्याचा पारदर्शक कागद सबंध पानावर अंथरलेला असे. १०२४ × ७६८ आकाराच्या पडद्यावर ७,८६,४३२ बिंदू असतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ८९ लाख बिंदूंचे मिश्रण. तेवढ्याच चौकटींची साधी पट्टी पावणेसात लाखांवर भागते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. त्यांना ते आम्ही फळ्यावर गुणाकार करून दाखवले आणि आठवीची मुले आमच्यापेक्षा लवकर उत्तरापर्यंत पोचली.

आणखी एक अडचण होती. बहुतेक ब्राऊझरांत तेव्हा सगळी पाने एकाच कामगाराच्या हाती असत. एका पानावरची जाहिरात अडली की शेजारची पानेही अडत आणि दोष नेमका कोणाचा ते कळायला मार्ग नसे. सप्टेंबर २००८मध्ये आलेल्या गूगलच्या क्रोमने पानांची कामे वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटली आणि प्रत्येकीचा खर्च दाखवणारा स्वतःचा टास्क मॅनेजर दिला. फायरफॉक्सने फ्लॅशसारखी जोडकामे २०१०मध्ये वेगळी काढली. दोष सापडायला त्यामुळे मोठी मदत झाली. रोगापेक्षा निदान आधी सुधारले, असे वैद्यकाच्या इतिहासातही अनेकदा दिसते.

फ्लॅशचा शेवट लांबला. एप्रिल २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोनवर फ्लॅश का नाही याची कारणे जाहीर केली, त्यांत बॅटरी लवकर संपते हे एक होते. सप्टेंबर २०१५पासून क्रोम पानावरचे दुय्यम फ्लॅश आपणहून थांबवू लागला. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशला निरोप दिला. जाहिराती आता जावास्क्रिप्टमध्ये लिहिल्या जाऊ लागल्या होत्या आणि त्रास संपेल अशी पुष्कळांची समजूत होती. आमचीही होती. ती चुकीची ठरली. जाहिरात निम्मी तरी निदान एक सेकंद पडद्यावर दिसली का, हे जाहिरातदारांना कळायला हवे होते. त्यासाठी जाहिरातीतला प्रोग्रॅम 'मी कुठे आहे?' असे ब्राऊझरला वारंवार विचारत राही आणि दर वेळी ब्राऊझरला पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागे. २०१६मध्ये क्रोमने एक नवी सोय दिली: सतत विचारू नका, दिसू लागलात की आम्हीच सांगू. वर्गात 'सर, सुट्टी कधी?' असे दर मिनिटाला विचारणाऱ्या मुलाला घंटेची आठवण करून द्यावी, तसे हे झाले.

जानेवारी २०१८मध्ये तर यूट्यूबवर दिसलेल्या काही जाहिरातींत पाहणाऱ्याच्या संगणकावर कूटचलन 'खोदणारा' प्रोग्रॅम लपवलेला आढळला. तो प्रोसेसरचा ८० टक्क्यांपर्यंत वेळ खाई. वीज पाहणाऱ्याची, कमाई दुसऱ्याची.

माप बदलले ते २०२०मध्ये. क्रोमने मे महिन्यात जाहीर केले आणि ऑगस्टअखेर लागू केले, की पाहणाऱ्याने हातही न लावलेली जाहिरात ४ मेगाबाइटपेक्षा जास्त माहिती ओढू लागली किंवा कोणत्याही ३० सेकंदांत प्रोसेसरचे १५ सेकंद, अथवा एकूण ६० सेकंद तिने वापरले, तर तिची चौकट रिकामी करून टाकायची. किलोबाइटांच्या शेजारी सेकंद आले. या मर्यादा ओलांडणाऱ्या जाहिराती गूगलच्या मोजणीत फक्त ०.३ टक्के भरल्या, पण सर्व जाहिराती मिळून जेवढी माहिती ओढतात तिचा २७ टक्के आणि जेवढा प्रोसेसरचा वेळ घेतात त्याचा २८ टक्के वाटा त्यांचा होता. शाळेत तिघींपैकी एकच अपराधी निघाली, ते योगायोगाने नव्हे.

शाळेतल्या संगणकावर हे तपासता येते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की त्याचा टास्क मॅनेजर उघडतो. पानावर बाहेरून आलेल्या जाहिराती तेथे बहुधा 'सबफ्रेम' अशा वेगळ्या ओळीत दिसतात आणि समोर सीपीयूचा टक्का असतो. एका मुलाने दर पाच सेकंदांनी आकडा वाचावा, दुसऱ्याने आलेखाच्या कागदावर मांडावा. तीस सेकंदांत पंधरा म्हणजे सरासरी पन्नास टक्के, तेव्हा त्या उंचीवर एक आडवी रेषा आधीच आखून ठेवावी.