जिताड्याचा आफ्रिकेतला भाऊबंद

मंडळी, रायगडच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना जिताडा कोणता हे सांगायला नको. खाडीतून पिले आणायची, खारभूमीतल्या तळ्यात सोडायची, वाढवायची आणि घरी पाहुणा आला की धरायची, ही तिकडची जुनी रीत. गोव्यात याच माशाला चोणक म्हणतात. या जिताड्याचा एक भाऊबंद आफ्रिकेत नाईल नदीत राहतो. त्याचे नाव नाईल पर्च. ठेवण तीच, जबडाही तसाच मोठा. पण पुरता वाढला म्हणजे दोन मीटर लांब होतो आणि वजनाला दोनशे किलोपर्यंत भरतो. माणसाने हा मासा उचलून एका सरोवरात सोडला. त्याची हकिगत, गावात तळे असलेल्यांनी तरी जरूर ऐकावी अशी आहे.

सरोवराचे नाव व्हिक्टोरिया. केनिया, युगांडा आणि टांझानिया हे तीन देश त्याच्या काठावर आहेत. क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहून जास्त! नाईलचा एक फाटा याच सरोवरातून निघतो. पण वाटेत मर्चिसन धबधबा आडवा येतो. तो चढून वर येणे नाईल पर्चला कधी जमले नाही. त्यामुळे सरोवरात फुरू नावाचे बोटभर-वीतभर मासे सुखाने नांदत होते. त्यांच्या सुमारे ५०० जाती होत्या. कोणी शेवाळ खाई, कोणी गोगलगाई फोडून खाई, कोणी दुसऱ्याची अंडी पळवी. काठचे लोक ते उन्हात वाळवून ठेवीत.

खाण्याचा मुख्य मासा मात्र एन्गेगे. १९०५ च्या सुमारास तिथे पाण्यात पडद्यासारखी उभी राहणारी नवी जाळी आली आणि एन्गेगे झपाट्याने कमी होऊ लागला. १९२७-२८ साली मायकेल ग्रॅहम या मत्स्यतज्ज्ञाने सरोवराची पाहणी केली. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, पाच इंचांपेक्षा लहान नसावा, असे त्याने सुचवले. शिवाय बजावले की, पुरता अभ्यास केल्यावाचून बाहेरचा शिकारी मासा इथे आणणे फार धोक्याचे होईल.

पण पुढच्या अधिकाऱ्यांपैकी काहींचा हिशेब निराळा होता. काटेरी, चिमुकल्या फुरूंना बाजारात भाव नाही. ते मोठ्या माशाला खाऊ द्यावेत आणि मोठा मासा आपण खावा! शिवाय गळ टाकून मोठा मासा खेळवण्याचा शौक होताच. १९५० नंतरच्या काही वर्षांत युगांडाच्या बाजूने नाईल पर्च गाजावाजा न करता पाण्यात गेला. १९६० साली तो सरोवरात दिसला आणि १९६२-६३ मध्ये तर सरकारी रीतीनेच आणखी मासे सोडले गेले.

पुढे पंधरा-वीस वर्षे विशेष काही घडले नाही. मग १९८० च्या सुमारास केनियाच्या बाजूला, आणि पाठोपाठ इतरत्र, जाळ्यांत पर्चच पर्च येऊ लागला. पूर्वी तळाजवळच्या माशांच्या एकूण वजनात फुरूंचा वाटा सुमारे चार पंचमांश होता. दहा वर्षांत ते दिसेनासे झाले. दोनशेच्या आसपास जाती कायमच्या गेल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

कोळ्यांनी नव्या माशाच्या खोडी लवकरच हेरल्या. या माशाला प्राणवायू भरपूर लागतो; म्हणून लव्हाळ्यांच्या दलदलीत तो सहसा शिरत नाही, मोकळ्या पाण्यात सापडतो. त्याच्यासाठी मोठ्या आसाची जाळी आली. लांब दोरीला शेकडो गळ बांधून जिवंत माशाचे आमिष लावू लागले. उरलेसुरले फुरू वाचले ते दलदलीत आणि खडकांच्या कपारींतच.

आता तुम्ही म्हणाल, फायदाही झालाच असेल. झाला ना! १९९० पर्यंत सरोवरातली एकूण मासेमारी पूर्वीच्या कितीतरी पट वाढून पाच लाख टनांच्या घरात गेली. काठावर कारखाने उभे राहिले, पर्चचे काप युरोपला जाऊ लागले. हजारोंना काम मिळाले. पण हा मासा तेलकट; उन्हात नीट वाळत नाही. धुरी द्यायला लाकूड लागते आणि त्यासाठी काठची झाडे तुटली. घरोघरी लहान मासे वाळवून विकणाऱ्या बायांचा धंदा बसला. चांगले मांस परदेशी गेले आणि गरिबाच्या वाट्याला तळलेला सांगाडा आला. पुढे अतिमासेमारीने पर्चही लहान येऊ लागले. ५० सेंटिमीटरपेक्षा लहान मासा धरू नये, असा नियम करावा लागला.

मग आपण तळ्यात जिताडा सोडतो तो का अंगावर येत नाही? जिताडा तिथलाच आहे, आणि त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते. गोड्या तळ्यात नाही. दहा पिले सोडली तर फार तर दहाच मासे होतील. नाईल पर्च सरोवरातच वितो. एकदा सुटला की मोजदाद संपली. आपल्याकडची चिलापी, म्हणजे टिलापिया, १९५२ साली देशात आली. तीही तळ्यातच विते. आज उजनीच्या जलाशयात तिने कसे बस्तान बसवले आहे, ते तिथल्या कोळ्यांना विचारा.

शिक्षकांनी एक करावे. गावच्या तळ्यात कोणकोणते मासे आहेत आणि आजोबांच्या वेळी कोणते होते, याची यादी मुलांकडून करून घ्यावी. उद्या कोणी नव्या माशाचे बी घेऊन आला, तर ती यादी पुढे ठेवून विचारावे: हा काय खातो, इथे वितो का, आणि नको झाला तर परत काढता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ग्रामसभा भरवून दहादा विचार करावा. व्हिक्टोरियाच्या काठच्या लोकांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.