क्रिस्तपुराणांतील ‘देवचार’

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाचें ‘क्रिस्तपुराण’ गोमंतकांत राशोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत सैतानास ‘देवचार’ म्हटलें आहे. आमचें लक्ष या एका शब्दाकडे आहे.

ख्रिस्ती मतानें सैतान हा ईश्वराचा प्रतिस्पर्धी देव नव्हे. तो ईश्वरानेंच निर्मिलेला, गर्वानें पतित झालेला देवदूत होय. त्याचें बळ ईश्वराच्या अनुज्ञेपुरतें, आणि शस्त्र मोह व असत्य. मग त्यास ‘असुर’ कां म्हणूं नये? पुराणांतील असुर विष्णूच्या हातून मरून मुक्तही होतो. या पतितास मुक्ति नाहीं. ‘भूत’ म्हणावें तर तो मृताचा जीव, आणि सैतान कधींच मनुष्य नव्हता.

उलट गोमंतकांतील देवचार हा गांवची शीव राखणारा. रोट व दारू यांच्या नैवेद्यानें संतुष्ट होणारा. बाप्तिस्म्याच्या वेळीं सैतानाचा त्याग स्वमुखें उच्चारावा लागतो. तेव्हां तो उच्चारणाऱ्या नवख्रिस्त्यानें आपल्या शिवेच्या राखणदारासच शत्रु ठरविलें, असें आम्हांस वाटतें. धर्मयुद्ध येथें शब्दाच्या अर्थांतच लढलें गेलें.

१६१६, १६४९ व १६५४ च्या छापील आवृत्तींची एकही प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ हस्तलिखितांनीं तगला. त्यांवरून सालढाणांनीं १९०७ सालीं मंगळुरास रोमन पाठ छापला. लंडनची मार्सडेन प्रत देवनागरी आहे. लेखक पंडित असला कीं गांवढा शब्द आधीं जातो. म्हणून पाठ ताडून पाहणारांनीं ‘देवचार’ कोठें टिकला व कोठें पालटला, हें ओवीवार नोंदवावें. गोमंतकीय ख्रिस्ती आजही त्या शब्दानें सैतान समजतो, आणि त्याचा हिंदु शेजारी त्याच नांवानें रोट ठेवितो.