रक्तात पोहणारा रोग आणि त्याच्या वाहिन्या

१८४५ साली बर्लिन येथे रुडॉल्फ फिर्खो नावाच्या तरुण वैद्याने एका मृत स्त्रीचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तांबड्या व पांढऱ्या पेशींचे नेहमीचे प्रमाण त्यास उलटे झालेले दिसले. त्याच वर्षी एडिंबरो येथील जॉन ह्यूज बेनेट यानेही असाच एक रुग्ण वर्णिला होता. तथापि ते रक्तात झालेले पू होय, असे त्यास वाटले. फिर्खोने या स्थितीला प्रथम नुसते 'पांढरे रक्त' म्हटले आणि १८४७ साली त्याच अर्थाचे ग्रीक शब्द जोडून 'ल्युकेमिया' हे नाव दिले.

नाव मिळाले आणि त्याबरोबर एक समजूतही रूढ झाली. इतर अर्बुदे म्हणजे मांसाच्या गाठी. हा रोग मात्र रक्तातच पोहणारा. मग त्याला रक्त पुरविणाऱ्या निराळ्या वाहिन्यांची गरज ती काय? समुद्रातल्या माशासाठी कोणी विहीर खणीत नाही! मी शिक्षक आहे. इतके सोपे उत्तर वर्गात मीही बिनदिक्कत दिले असते.

या समजुतीला धक्का बसला तो आडवाटेने. १९६० च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत ज्यूडा फोकमन हे तरुण शल्यविशारद व त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर काचपात्रात जिवंत ठेवलेल्या अवटु ग्रंथीमध्ये अर्बुदाच्या पेशी वाढवून पाहत होते. गाठ एकदोन मिलिमीटर वाढे आणि थबके. तीच उंदराच्या शरीरात बसविली की भराभर फोफावे. फरक होता तो नव्या केशवाहिन्यांचा. नोव्हेंबर १९७१ मध्ये फोकमन यांनी मांडले की, अर्बुद काही द्रव्य पाझरवून स्वतःसाठी वाहिन्या उगवून घेते आणि त्या रोखल्या तर अर्बुदही रोखता येईल. पुढील कित्येक वर्षे या कल्पनेची उपेक्षा झाली, प्रसंगी चेष्टाही झाली.

ते द्रव्य पुढे सापडले, तेही दोन वाटांनी. १९८३ साली बोस्टनचे डोनाल्ड सेंगर व हॅरॉल्ड ड्वोरॅक यांना अर्बुदांच्या स्रावात वाहिन्या पाझरत्या करणारे एक प्रथिन मिळाले. १९८९ साली कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढविणारे प्रथिन वेगळे केले. आणि दोन्ही एकच निघाले! त्यास आपण वाहिनी-वृद्धिघटक म्हणू.

आता पुन्हा ल्युकेमियाकडे वळू. १९९७ साली बोस्टनच्या बालरुग्णालयात, फोकमन यांच्याच सहभागाने, ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या अस्थिमज्जेचे तुकडे तपासले गेले. निरोगी मज्जेपेक्षा त्यांत केशवाहिन्यांची दाटी कितीतरी अधिक होती. मासा समुद्रात होता हे खरे; पण त्याचे अंडे फुटले होते ते हाडाच्या पोकळीत, आणि तेथे विहिरी खणल्या जात होत्या!

या विहिरींचा व्यवहार दुहेरी असतो. रोगी पेशी वृद्धिघटक सोडते. त्याने वाहिन्यांच्या अस्तरातील पेशी वाढतात. आणि त्या अस्तरपेशी उलट अशी द्रव्ये सोडतात की, ज्यांवर रोगी पेशी पोसली जाते. याहून विलक्षण गोष्ट न्यूयॉर्क येथे शाहीन रफी यांच्या प्रयोगशाळेत २००० च्या सुमारास उघड झाली. तेथे सर्जिओ डायस हे पोर्तुगीज संशोधक काम करीत होते. (आडनाव गोव्याच्या श्रोत्यांना घरचेच वाटेल.) त्यांना असे आढळले की, काही ल्युकेमिया पेशींच्या अंगावर या वृद्धिघटकाचे ग्राहीही असतात. म्हणजे पेशी स्वतःच पत्र लिहिते आणि स्वतःच्याच दारात ते स्वीकारते. पत्रातला मजकूर 'वाढ' एवढाच नसतो, 'मरू नकोस' असाही असतो. संदेश आत पोचला की बीसीएल-दोन नावाचे प्रथिन वाढते. जीर्ण वा बिघडलेल्या पेशीने आपला अंत आपणच घडवावा, अशी देहाची योजना असते. हे प्रथिन तीच अडवून धरते.

तेव्हा वाहिनी-वृद्धिघटक बांधून टाकणारे औषध दिले की काम भागेल, असे कोणासही वाटावे. बेव्हॅसिझुमॅब हे तसे औषध २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालेही होते. परंतु तीव्र मज्जाजन्य ल्युकेमियाच्या वृद्ध रुग्णांवरील नेदरलँड्समधील चाचणीचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला, तो निराशेचा होता. नेहमीच्या औषधांना याची जोड देऊन काहीच लाभ झाला नाही. रोगी पेशीला जगविणारे संदेश एकाच वाटेने येत नाहीत. एक दार लावले तर दुसरे उघडे राहते.

वाट निघाली ती दाराच्या आत. ज्या बीसीएल-दोनपर्यंत अनेक संदेश पोचतात, त्यालाच निकामी करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१८ साली अमेरिकेत अशा वृद्ध रुग्णांसाठी मान्य झाले, ज्यांना तीव्र रसायनोपचार सोसवत नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ जुने औषध घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ९.६ महिने भरले. त्याला या गोळीची जोड मिळालेल्यांचे १४.७ महिने. हा निष्कर्ष पाहण्यास फोकमन हयात नव्हते. जानेवारी २००८ मध्ये प्रवासात असतानाच, डेन्व्हरच्या विमानतळावर त्यांचे निधन झाले होते.