घरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर : कागदावरचा आकडा आणि घरातला अनुभव

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या माहितीपत्रकात साधारणपणे ‘शुद्धता ९३ टक्के, ३ टक्के कमी-जास्त’ असे लिहिलेले असते. हा आकडा खोटा नसतो. पण तो नव्या यंत्राचा, स्वच्छ हवेतला आणि स्थिर विजेवरचा असतो. ‘इतके तास बिघाडाविना चालेल’ हा अंदाजसुद्धा अनेक यंत्रांची सरासरी असते, तुमच्या घरातल्या एका यंत्राची हमी नव्हे.

हे यंत्र ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. ती हवा दाबाखाली झिओलाइटच्या बारीक खड्यांतून जाते, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे येतो. झिओलाइटला दमटपणा सोसत नाही. त्यामुळे बंद पडून असलेले यंत्रही खराब होते. २०२१ च्या कोविड लाटेत घेतलेली कितीतरी यंत्रे आज माळ्यावर आहेत. असे यंत्र कोणाकडून आणणार असाल, तर आधी तंत्रज्ञाकडून ऑक्सिजन अॅनालायझरने तपासून घ्या.

नेहमीचा गैरसमज असा : फ्लोमीटरची गोळी २ लिटरवर आहे, म्हणजे ऑक्सिजन नीट मिळतोय. फ्लोमीटर फक्त प्रवाह दाखवतो, शुद्धता नाही. शुद्धता सुमारे ८२ टक्क्यांखाली गेली की बऱ्याच यंत्रांत अलार्म वाजतो. काही यंत्रांत मात्र तो सेन्सरच नसतो. खरेदीपूर्वी हे जरूर विचारा.

बाकीच्या कारणांत धूळ पहिली. फिल्टर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, पडद्यामागे किंवा कपाटात नको. आतली उष्णता बाहेर पडत नाही. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. वीज गेल्यावर यंत्र बंद होणारच, म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवा. जवळ उदबत्ती, निरांजन, विडी नको.

ऑक्सिमीटरवरचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेखाली गेला (सीओपीडीत हे लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ टक्के असते), तर आधी नळीला पीळ पडला आहे का आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण सैल आहे का ते बघा. तरी सुधारणा नसेल तर सिलिंडरवर जा, प्रवाह डॉक्टरांनी सांगितलेलाच ठेवा आणि त्यांना फोन करा. सीओपीडीच्या रुग्णाने मनाने प्रवाह वाढवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा ओठ निळे पडणे दिसल्यास १०८ ला फोन करा.