चित्रांची मोडी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादी जुनी पेटी असेल आणि तिच्या तळाशी पणजोबांच्या वेळचा एखादा कागद. कागद जाड, शाई काळीभोर, एकही अक्षर पुसलेले नाही. पण तो वाचायचा कुणी? घरात कुणी पदवीधर आहे, कुणी शिक्षक आहे. तरी तो कागद हाती घेतला की सगळेच निरक्षर! कारण तो मोडीत लिहिलेला आहे.

आमच्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानच्या वेळची अशी दप्तरे रुमालांत बांधून जपली आहेत. मुंबई इलाख्यात १९१७ साली सरकारी कामात मोडीऐवजी बालबोध वापरण्याचा निर्णय झाला. मोडी लगेच गेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जात होती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच सुमारास मोडीचे शिकवणेही मागे पडत गेले. आणि बघा, दोन-तीन पिढ्यांत काय झाले? कागदाला वाळवी लागली नाही, पाणी लागले नाही, तरी तो मुका झाला. कागद राहिला, वाचणारा गेला.

ही गोष्ट आज सांगायचे कारण असे की, हाच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत छायाचित्रांच्या बाबतीत घडत आहे, आणि तोही पन्नास वर्षांत नव्हे, पंचवीस-तीस वर्षांत.

माझा एक विद्यार्थी शिरोळ तालुक्यातला. त्याच्या आजोबांच्या शाळेची स्मरणिका १९९५ च्या सुमारास निघाली. त्या वेळी शाळेचे जुने फोटो संगणकावर उतरवून फ्लॉपीत ठेवले होते. पुढे कुणीतरी ते सीडीवर घेतले. मूळ फोटो आजोबांच्या घरी होते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात ते घर पाण्यात गेले आणि फोटोंचा लगदा झाला. उरली ती सीडी. ती घेऊन पोरगा एका दुकानात गेला, तर उत्तर मिळाले, "या फाइली खराब झाल्यात, टाकून द्या." तो रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला.

फाइली खराब नव्हत्या. त्या जुन्या मोडीत होत्या, इतकेच!

संगणक चित्र कसे ठेवतो ते आधी पाहू. आपण रांगोळीचे ठिपके मांडतो ना, तसे चित्राचे बारीक ठिपके पाडायचे आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला आकडा द्यायचा. चित्र म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. पण हे आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे, चित्राची लांबी-रुंदी कुठे नोंदवायची, याची रीत ठरवावी लागते. त्या रीतीला फॉरमॅट म्हणतात. अमेरिकेतील झेडसॉफ्ट कंपनीने १९८०च्या दशकात पीसीएक्स नावाची रीत काढली. तिच्यात 'पांढरा, पांढरा' असे साठ वेळा न लिहिता 'साठ पांढरे' असे लिहितात, जागा वाचते. १९८६ साली टिफ आली, १९८७ साली जिफ, १९९२ साली जेपेग, १९९६ साली पीएनजी. जेपेग घरोघरी पोचली. पीसीएक्स मागे पडली आणि नव्या संगणकांवरचे नेहमीचे कार्यक्रम तिला ओळखेनासे झाले.

मग उघडायचे कसे? मोडी पत्र हाती आले की जाणकार माणूस आधी मायना पाहतो. तशीच प्रत्येक चित्राच्या आरंभी खूण असते. जिफ फाइलीच्या तोंडाशी 'जिफ' हीच अक्षरे रोमन लिपीत असतात, बीएमपीत 'बी' आणि 'एम', तर पीसीएक्सचा पहिला आकडा १०. फाइलीचे नाव कुणी काहीही ठेवो, ही खूण बदलत नाही. त्या पोराच्या फाइलींना शाळेच्या नावाची आद्याक्षरे शेपटासारखी जोडली होती. संगणक फसला तो तिथेच. आरंभीचा आकडा १० निघाला. नावाचे शेपूट बदलून आम्ही त्या इरफानव्ह्यू या कार्यक्रमात घातल्या. एक्सएनव्ह्यू, इमेजमॅजिक हेही अशा कामाचे आहेत. २२ पैकी १९ फोटो उघडले. एकात शाळेच्या पायरीवर टोपी घातलेले आजोबा उभे होते. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. बालबोधीत उतरवताना तो आपल्याला ठरवावा लागतो, आणि तिथे चूक होऊ शकते. म्हणून शहाणा अभ्यासक लिप्यंतर झाले तरी मूळ कागद फेकत नाही. चित्रांचेही तसेच. जेपेग जागा वाचवण्यासाठी बारीक तपशील गाळते, आणि बदल करून पुन्हा पुन्हा साठवले तर दर वेळी थोडे अधिक गाळते. पीएनजीत एकही ठिपका गळत नाही. जपणुकीची प्रत तिच्यात किंवा टिफमध्ये करावी. कोडॅक कंपनीने १९९२ साली फोटो सीडी काढली. तिच्यात एकच चित्र लहान-मोठ्या अनेक आकारांत असे. तिची पुरी रीत कंपनीने प्रसिद्ध केली नाही. इतरांनी खटपटीने ती शोधली. त्यामुळे कित्येक कार्यक्रम मोठे चित्र सोडून मधलेच काढून देत, आणि लोक समजत की काम झाले! रूपांतर झाल्यावर चित्र मोठे करून मुळाशी ताडून पाहावे, ते यासाठी.

गुरुजी, आपल्या शाळेच्या कपाटात फ्लॉप्या, सीड्या पडल्या असतील. या सुटीत त्या काढा. आधी फाइली जशाच्या तशा दोन ठिकाणी उतरवा. एक प्रत गावाबाहेर ठेवा, पूर कुणाला विचारून येत नाही. मग पीएनजीत प्रती करा, आणि मूळ फाइल पुसू नका. आणि फोटोत कोण कोण आहे, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. ती खूण कोणत्याच संगणकाला सापडायची नाही.

मोडी वाचणारे आज थोडे उरले आहेत. शासनाचा पुराभिलेख विभाग त्यासाठी मोडीचे वर्ग घेतो. चित्रांच्या या मोडीचे वाचक अजून आहेत आणि साधनेही आहेत. ती आहेत तोवरच हे काम उरकायला हवे.