ओनामा आणि घरची शिकवणी

मराठीत कोणत्याही कार्याच्या आरंभाला 'ओनामा' म्हणतात. हा शब्द पंतोजींच्या शाळेतला. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाची मुलांच्या तोंडी 'ओनामासीधं' अशी पाच अक्षरे झाली. ती अर्थ कळण्याआधीच पाठ होत आणि धूळपाटीवर बोटाने गिरवली जात. या शब्दाची व्युत्पत्ती आपण वर्गात सांगतो. परंतु लहान मुलाला वाचायला नेमके कोण शिकवते, शाळा की घर, हा त्यामागचा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

पंतोजींच्या शाळेचा क्रम ठरलेला होता : मुळाक्षरे, बाराखडी, पाढे, पावकी-निमकी आणि मोडीचा कित्ता. ही धुळाक्षरे पुढे दूरवर पोचली. मद्रासेत देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे काढताना अँड्र्यू बेल या स्कॉटिश शिक्षकाने पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली आणि १७९७ साली तिच्याविषयी इंग्लंडात लिहिले. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याची बेल-लँकेस्टर पद्धत पुढे मुंबई इलाख्यातील नव्या शाळांत आली. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' प्रसिद्ध झाले आणि मुलांच्या हाती छापील मराठी गोष्टी येऊ लागल्या. अक्षर शिकवण्याचा क्रम मात्र फारसा बदलला नाही.

या क्रमाने मुले वाचू लागत, याचे श्रेय बव्हंशी घराला द्यावे लागेल. रघुनाथराव पेशवे १७८३ साली कोपरगाव परिसरातच निवर्तले आणि त्यांचे कुटुंब पुढे काही वर्षे येथे राहिले. अशा वाड्यांत शिक्षकच घरी येत. भिक्षुकाच्या घरी पोथी होती, कुलकर्ण्याच्या घरी दप्तर होते. शाळेत पाठ झालेल्या अक्षराला घरी अर्थ मिळे. कुणब्याच्या किंवा महाराच्या घरी ही सोय नव्हती. त्यामुळे शाळेचे दार उघडले, तरी निम्मी शाळा त्या मुलांसाठी बंदच राहत होती.

जोतीराव फुल्यांना हे नेमके उमगले होते. मराठीच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी घरची शिकवणी त्यांचीच म्हणावी लागेल. त्यांनी सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकवले. अहमदनगर येथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षणही नगरला घेतले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे म्हटले आणि अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन मागितले. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ही त्यांची मागणी आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. मुलाचे घर ज्याला ठाऊक आहे असा शिक्षक त्यांना हवा होता.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी यापुढचे पाऊल टाकले. १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू झाल्यावर वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ असलेला शब्द या अनुभवातून आला.

तरीही अक्षरांच्या क्रमाचा प्रश्न उरतोच. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. ध्वनिविचाराच्या दृष्टीने ती अप्रतिम आहे, पण नवशिक्या वाचकासाठी तिची रचना झालेली नाही. क, ख, ग, घ, ङ ही पाच अक्षरे शिकलेल्या मुलाला वाचण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही. 'ङ'ने तर मराठी शब्द सुरूच होत नाही. याउलट क, म, न, ल आणि काना एवढ्यावर कान, नाक, मान, काम, लाल, काका, मामा हे शब्द वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला अर्थ भेटतो. फलटणला १९७८ पासून दलित वस्तीतील मुलांना वाचायला शिकवणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी आपल्या वाचनपाठांत हाच अर्थाचा आग्रह धरला. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याला घोकंपट्टीनंतर अर्थ पुरवणारे कोणी नसते. तो अर्थ पहिल्या पाठातच यावा लागतो.

कोपरगाव तालुक्यातील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येथे येतात. त्यांच्या मुलांचे शाळेचे वर्ष मध्येच तुटते. याच गावात घरोघर शिकवण्याही चालतात. फी देणाऱ्या घरातील मूल अडखळले, तर त्याला हात देणारे कोणीतरी असते. फडावरच्या मुलाला ते नसते. म्हणजे फुल्यांचा प्रश्न येथे दर हंगामात नव्याने उभा राहतो.

मराठीच्या एम.ए.ला आपण ध्वनिविचार शिकवतो, लिपीचा इतिहास शिकवतो. पण मूल वाचायला कसे शिकते, हा विषय आपण अध्यापक विद्यालयांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. स्वनिम आणि अक्षर यांतील फरक ज्याला कळतो, त्या विद्यार्थ्याने हंगामाचे चार-पाच महिने आठवड्यातून दोन दिवस फडावरील मुलांना वाचायला शिकवले, तर त्याचा ध्वनिविचारही पक्का होईल. प्रकल्पाचे गुण द्यायचेच असतात. ते या कामासाठी द्यावेत, असे आम्ही सुचवतो.