श्वासनलिकेतले कुसळ

वाळल्या गवतातून तोंड उघडे टाकून धावणाऱ्या कुत्र्याच्या श्वासाबरोबर कधी कधी एखादे कुसळ थेट श्वासनलिकेत जाते. त्याचे बारीक काटे एकाच दिशेला वळलेले असतात. त्यामुळे कुत्रा कितीही खोकला तरी ते मागे येत नाही, श्वासागणिक आत मात्र सरकत राहते. कॅलिफोर्नियात आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत शिकारी कुत्र्यांना हा त्रास विशेष होतो.

त्यावरचा इलाज माणसांच्या वैद्यकातून आला. १८९७ मध्ये फ्रायबुर्ग येथे गुस्टाव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याचा घसा कोकेनने बधिर केला आणि त्याच्या श्वासनलिकेच्या उजव्या फाट्यात अडकलेले डुकराचे हाड ताठ नळीतून काढले. पुढे फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन यांनी हे तंत्र घडवले. रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह तिथल्या म्यूटर संग्रहालयात आहे. हात बसवायचा कसा, तर आधी मृतदेहावर आणि मग भूल दिलेल्या सहा-आठ किलोच्या कुत्र्यावर, असे त्यांच्या १९२२ च्या पुस्तकात सांगितले आहे. म्हणजे माणसाला वाचवणारी विद्या कुत्र्यावर गिरवली गेली, पण कुत्र्याच्या वाट्याला ती बरीच उशिरा आली.

१८९५ साली लागलेल्या क्ष-किरणांच्या शोधाचाही कुत्र्यांना अर्धाच उपयोग झाला. नाणे किंवा टाचणी क्ष-किरणांत दिसते, कुसळ दिसत नाही. दिसते ती फार तर सुजेची सावली. प्रतिजैविके आल्यावर तर निदान आणखी लांबू लागले. औषध चालू असेपर्यंत खोकला थांबे आणि बंद केले की परत येई.

टोकियोचे शिगेतो इकेदा यांनी १९६६ मध्ये काचतंतूंची लवचिक दुर्बीण आणली, आणि त्यानंतर पशुवैद्यांना श्वासनलिकेच्या बारीक फाट्यांपर्यंत पोहोचता येऊ लागले. कुत्र्याला पूर्ण भूल देऊन एकेक फाटा पाहिला जातो. एखाद्या फाट्याच्या तोंडातून पू येत असेल, तर कुसळ बहुधा तिथेच असते. पू शोषून घेतला की टोक दिसते, ते चिमट्यात धरून हलकेच ओढायचे. तुटले तर उरलेला तुकडा पुन्हा शोधावा लागतो. एका फुप्फुसात सापडले म्हणून थांबत नाहीत, दुसरेही तपासतात.

कुसळ फुप्फुसाच्या आत रुतले तर सीटी स्कॅन करून छाती उघडावी लागते, प्रसंगी फुप्फुसाचा तेवढा खंड काढावा लागतो. काही वेळा ते मध्यपटलाच्या कडेने कमरेच्या मणक्यांखालच्या स्नायूंत उतरते आणि तिथे गळू धरते. असा कुत्रा खोकल्यासाठी नव्हे, तर पाठदुखी आणि तापासाठी दवाखान्यात येतो.